सुपेकरांच्या पानावर कोण आलं होतं

देवासच्या औद्योगिक वसाहतीत शरदचंद्र सुपेकर दोन गोष्टींसाठी ओळखले जात. एक म्हणजे त्यांनी तपासून पास केलेला गिअर गिऱ्हाइकाकडून कधी परत येत नसे. दुसरी म्हणजे दुसऱ्याचं काही बरं झालेलं त्यांना बघवत नसे. पहिली गोष्ट साहेबांना ठाऊक होती, दुसरी सगळ्या कॉलनीला. समोरच्याच्या जास्वंदीला चार फुलं जास्त आली तर सुपेकर आठवडाभर त्या बाजूची खिडकी उघडत नसत. वाईट माणूस नव्हे हो. कुणाला रक्त द्यायचं असेल तर पहिले धावणार, कुणाचं गाडं अडलं तर सुटी टाकून जाणार. पण त्याच माणसाला बढती मिळाली की यांच्या पोटात दुखायला लागलंच म्हणून समजा.

१९७९ साली संगमनेरहून एक वळकटी आणि डिप्लोमाचा कागद घेऊन ते देवासला आले आणि पंचवीस वर्षं एकाच कारखान्यात मापं घेत राहिले. हातात मायक्रोमीटर, डोळ्यांवर चष्मा. समोरच्याचं बोलणं त्यांना अर्धंच खरं वाटे. आकड्यात दिसलं की पुरतं खरं. या सवयीनंच पुढं त्यांना तोंडघशी पाडलं.

२००२ साली कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर शिकून शिकून त्यांनी घरी स्वतःचा कॉम्प्युटर आणला आणि माळवा मराठी मंडळाची वेबसाइट तयार केली. मंडळ देवास आणि धार मिळून एक. अध्यक्ष हंबीरराव, जंगल खात्यातून निवृत्त झालेले. साइटवर सणांच्या तिथी होत्या, वधू-वरांची यादी होती आणि सुपेकरांचं स्वतःचं सदर होतं, 'कारखान्यातले दिवस'. बावीस भाग! संगमनेर सोडलं तो दिवस, पहिल्या पाळीचा भोंगा, टेकडीच्या पायथ्याची भाड्याची खोली, हिंदीत बोलताना झालेल्या फजित्या. आयुष्यात एवढं मनापासून त्यांनी काही लिहिलं नव्हतं आणि ते कुणीतरी वाचावं एवढीच त्यांची इच्छा होती. बायकोनं, कमलनं, पहिला भाग वाचून सांगून टाकलं होतं, "मी तर हे सगळं तुमच्या तोंडून वीस वर्षं ऐकतेय."

साइटवर एकही शब्द हिंदी-इंग्रजीत नको हा सुपेकरांचा हट्ट. आपली मुलं हिंदी शाळेत जातात, घरीसुद्धा इंदुरी थाटात 'भिया भिया' करतात, निदान इथं तरी शुद्ध मराठी दिसू दे, असं ते म्हणत.

मग धारचे उमाशंकर दफ्तरदार आले आणि सुपेकरांच्या सुखाला दृष्ट लागली.

दफ्तरदारांच्या घराण्यात पूर्वी संस्थानची कागदपत्रं सांभाळायचं काम होतं. उमाशंकर स्वतः संस्कृतचे मास्तर, आता सत्तरीचे. त्यांनी मंडळासाठी 'पत्रांचे मायने' लिहून दिले. मायना म्हणजे पत्राच्या सुरुवातीची हाक. वडिलांना तीर्थरूप, वडिलांसारख्याला तीर्थस्वरूप, परक्या थोराला राजमान्य राजेश्री, व्याह्यांना काय, विहिणीला काय, लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलीच्या नावाआधी काय. उमाशंकरांना टाइप करता येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. बोरूनं काढल्यासारख्या सुंदर अक्षरात त्यांनी चोवीस कागद लिहिले. त्यांचा पुतण्या मयुरेश धारमध्ये सायबर कॅफे चालवत असे; त्यानं ते कागद स्कॅन केले आणि फोटो म्हणून साइटवर चढवले. ते चढवायची परवानगी देताना सुपेकरांनी कॅफेच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, म्हणजे तिचा पत्ता, आपल्या वहीत टिपून घेतला होता.

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. पण एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत सुपेकरांना लॉग वाचणारं सॉफ्टवेअर सापडलं.

साइटवर कुणीही काहीही उघडलं की सर्व्हर एक ओळ लिहून ठेवतो: कुठल्या पत्त्यावरून, किती वाजता, काय उघडलं. महिन्याला अशा हजारो ओळी. ते सॉफ्टवेअर त्यांचा चट्टामट्टा करून रंगीत तक्ता काढून देई. तपासणी विभागातल्या माणसाला आणखी काय हवं? सुपेकरांनी मोठ्या उत्साहानं जुलैचा लॉग त्यात टाकला. तक्ता आला. 'मायने' या नावापुढची निळी पट्टी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. 'कारखान्यातले दिवस' शोधायला चष्मा पुसावा लागला.

"चार हजार तीनशे हिट," सुपेकर पुटपुटले. "आणि माझे दीडशे."

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. त्यात कमलनं नेमक्या वेळी तोंड उघडलं. "अहो, ताईंच्या अक्षतच्या लग्नाची पत्रिका झाली हं लिहून. 'चि. सौ. कां.' कुणाला लावायचं, 'गं. भा.' कुणाला, कुणालाच धड येईना. दफ्तरदारांच्या पानावर सगळं मिळालं. काय अक्षर आहे हो त्यांचं!"

"अक्षराचं काय कौतुक," सुपेकर म्हणाले. "शाळामास्तरच ते."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं, पण आतून जळून खाक झाले होते. मायने! लिहून लिहून काय लिहिलं, तर दुसऱ्याला हाक कशी मारायची! त्यात स्वतःचं काय आहे? आम्ही आयुष्य ओतलं आणि लोक धावतात 'तीर्थरूप' उतरवून घ्यायला. पुढच्या आठवड्यात त्यांनी मायन्यांचा दुवा, म्हणजे उमाशंकरांच्याच अक्षरातलं छोटं चित्र, साइटच्या वरच्या कोपऱ्यातून गुपचूप तळाला नेऊन ठेवला. लोकांनी तो तिथंही शोधून काढला.

ऑगस्टमध्ये मंडळाच्या सभेची सूचना आली आणि या जळफळाटाला खरं कारण मिळालं. मंडळाला पंचवीस वर्षं होत होती. त्यानिमित्त साइटवरचं एक सदर पुस्तक म्हणून छापायचं होतं. एकच. हंबीररावांनी फोन करून सांगितलं, "सुपेकर, वादावादी नको. तुमचं मशीन सांगेल कोणाचं जास्त वाचतात ते. जास्त वाचतात ते छापू. बात खतम."

पुस्तक! सुपेकरांना त्याचं मुखपृष्ठसुद्धा दिसायला लागलं. आणि मग ती निळी पट्टी दिसायला लागली.

त्यांनी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका काढली आणि पहिल्यांदाच नीट वाचली. वाचता वाचता ते खुर्चीतून उठलेच. हिट म्हणजे वाचक नव्हे! पानावर जितके फोटो, तितके हिट वेगळे मोजले जातात. मायन्यांच्या पानावर चोवीस फोटो; पान एकदा उघडलं की पंचवीस हिट. सुपेकरांच्या भागांत फोटो एकही नाही. एकदा उघडलं की एक. महिना संपताच त्यांनी ऑगस्टचा लॉग घेतला आणि पानं किती वेळा उघडली एवढंच मोजलं. स्वतःचे आकडे त्यांनी आधीच वगळले होते. तेवढा हा माणूस सच्चा होता. मायने एकशे बहात्तर, कारखान्यातले दिवस एकशे अठ्ठावन्न.

कुठं चार हजार आणि कुठं एकशे बहात्तर! पण तरीही चौदानं कमीच. चौदा! गिअरच्या दात्यात केसाएवढी तफावत असली तर जसं वाटे, तसं सुपेकरांना झालं. आता ते हात धुऊन त्या चौदांच्या मागे लागले. कुठून कोण किती वेळा आलं, याचा तक्ता काढला. त्यात एक पत्ता ओळखीचा निघाला. वही काढून पाहिली. धारचा, मयुरेशच्या कॅफेचा. एकतीस वेळा! आणि वेळ? दर रविवारी सकाळी दहा ते बारा.

सुपेकरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उमाशंकर रविवारी सकाळी कॅफेत येऊन बसतात, हे मयुरेशनंच बोलता बोलता सांगितलं होतं. म्हातारा पुतण्याच्या कॅफेत बसून स्वतःचंच पान उघडतोय! आकडा फुगवतोय! एकशे बहात्तरातून एकतीस गेले, उरले एकशे एक्केचाळीस. आपले एकशे अठ्ठावन्न. त्यांनी तो आकडा कागदावर तीनदा लिहिला. पत्त्यापुढं फक्त बेरीज होती. त्या एकतीस वेळा काय उघडलं गेलं, ते तक्त्यात नव्हतं. ते पाहायला मूळ लॉग ओळीओळीनं वाचावा लागला असता. पंचवीस वर्षांत सुपेकरांनी एकही गिअर एका मापावर पास केला नव्हता. इथं मात्र एकच माप त्यांना पुरलं, कारण ते त्यांना हवं तसं आलं होतं.

सभा सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी धारला झाली. चाळीस-एक माणसं. सुपेकरांनी हिट म्हणजे काय, पान म्हणजे काय, हे समजावून सांगितलं. मग घसा साफ करून म्हणाले, "आता एक नाजूक गोष्ट. एकाच पत्त्यावरून एका महिन्यात एकतीस वेळा साइट उघडली आहे. पत्ता मयुरेशच्या कॅफेचा आहे. वेळ रविवारी सकाळी दहाची. त्या वेळी त्या कॅफेत कोण बसतं, हे मी धारच्या लोकांना सांगायला नको."

सगळ्या माना उमाशंकरांकडं वळल्या. कुणीतरी मागच्या ओळीत हसलं. उमाशंकरांनी चष्मा काढला, घडी केली आणि खिशात ठेवला.

मयुरेश ताडकन उठला. "सुपेकरकाका, एक मिनट. अण्णा तिथं बसतात वो सही है, पण ते तर..."

उमाशंकरांनी त्याचं मनगट धरलं. "मयुरेश, खाली बस."

"पण अण्णा, मैं बोलता हूँ ना..."

"खाली बस म्हटलं ना." मग ते हंबीररावांकडं वळून शांतपणे म्हणाले, "सुपेकरांचं छापा. माझी हरकत नाही."

सुपेकरांना याहून मोठा पुरावा कुठला हवा होता? खरा असता तर भांडला असता! परतीच्या वाटेवर इंदूरला बस बदलताना त्यांनी दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि घरी येऊन कमलला सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि एवढंच म्हणाली, "चारचौघांत बोलायची काय गरज होती? सत्तरीचा माणूस तो."

गणपती उठले आणि हंबीररावांचा फोन आला. धारची काही मंडळी कुरकुरत होती. "तुम्ही असं करा, त्या एकतीस वेळांचं पक्कं सबूत कागदावर काढून द्या. तारीख, वेळ, काय उघडलं, सगळं. फाइलला लावून टाकू."

सुपेकरांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी, चहाचा कप बाजूला ठेवून, ऑगस्टचा मूळ लॉग उघडला आणि तो पत्ता शोधायला लावला. खरं तर त्यांना याची गोडीच वाटत होती. आता एकेक रविवार बाहेर येणार होता.

पहिली ओळ आली. एक ऑगस्ट, दहा वाजून चार मिनिटं: फॉन्टची फाइल.

त्या काळी कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं आपोआप दिसत नसत. ज्या अक्षरसंचात पान टाइप केलं असेल, तो फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. सुपेकरांनी आपल्या पानावर तशी व्यवस्था ठेवली होती. बरं, घेतला फॉन्ट. पण मायने तर फोटोत आहेत, त्यांना फॉन्ट कशाला?

दुसरी ओळ. दहा सात: कारखान्यातले दिवस, भाग पहिला. दहा एकोणीस: भाग दुसरा. दहा तेहेतीस: भाग तिसरा.

सुपेकर खाली खाली जात राहिले. आठ तारखेला सातव्यापासून बारावा. पंधरा तारखेला झेंडावंदन, तरी अकराला हजर, तेरावा आणि चौदावा. बावीस तारखेला उरलेले सगळे. एकोणतीस तारखेला काही भाग पुन्हा. त्यातला संगमनेर सोडण्याचा भाग तर तीनदा. प्रत्येक भागावर दहा-बारा मिनिटं. मायन्यांचं पान त्या पत्त्यावरून एकदाही उघडलेलं नव्हतं.

कपातला चहा तसाच राहिला. एकतीस वजा करायचे होते, पण एकशे बहात्तरातून नव्हे, आपल्या एकशे अठ्ठावन्नातून. उरले एकशे सत्तावीस. सुपेकरांनी तेही पाहिले, आता थांबता येणार नव्हतं. सगळ्यांनी भाग पहिला उघडला होता आणि पाच-सहा सेकंदांत दुसरीकडं निघून गेले होते. मग त्यांनी वर्षभराच्या लॉगमध्ये फॉन्टची फाइल शोधली. ती साऱ्या वर्षात एकदाच उतरवली गेली होती, त्या एक ऑगस्टला.

"असं कसं?" ते मोठ्यानं म्हणाले. "सूचना लिहिली आहे मी वरती, ढळढळीत!"

चपला घालून ते कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपलं पान परक्या कॉम्प्युटरवर उघडलं. पडद्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, टिंबं, उलटी प्रश्नचिन्हं. आणि सगळ्यात वर, ठळक, लाल रंगात, त्याच टोप्या-टिंबांची एक ओळ. ती ओळ त्यांनीच लिहिली होती: 'मराठी अक्षरे दिसत नसल्यास येथे टिचकी मारा.' इंग्रजी-हिंदी एक शब्द नको म्हणून तीही मराठीत, त्याच फॉन्टमध्ये.

कॅफेवाला डोकावून म्हणाला, "ये साइट खराब है, भिया. दूसरी लगा दूँ?"

पुढच्या रविवारी सुपेकर धारला गेले. वाटभर त्यांनी बोलायची वाक्यं जुळवली होती. दहा वाजता मयुरेशच्या कॅफेत शिरले तर खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर कॉलेजातली दोन मुलं बसलेली.

"अण्णा येत नाहीत आता," मयुरेश त्यांच्याकडं न बघता म्हणाला. "चार रविवार झाले. बोले, लोकांना वाटेल म्हातारा परत आकडा वाढवायला बसला. मैंने बहुत समझाया. नहीं मानते."

घर मागच्याच गल्लीत होतं, दोन खोल्यांचं. उमाशंकर दारातच पेपर वाचत होते. सुपेकरांना पाहून उठले. "या, या. बसा. चहा टाकतो. उन्हातून आलात."

सुपेकरांची जुळवलेली वाक्यं कुठं गेली कोण जाणे. ते उभ्यानंच म्हणाले, "उमाशंकरजी, ते एकतीस माझ्या पानाचे होते."

"हो."

"तुम्ही माझं वाचत होता."

"वाचत होतो. मयुरेशनं शोधून तो फॉन्ट बसवून दिला. तुम्ही माझे कागद साइटवर घेतलेत, मग तुमचं मी वाचायला नको? थोडं पाल्हाळिक लिहिता. पण संगमनेर सोडतानाचं फार चांगलं आहे."

"मग सभेत बोलला का नाहीत?" सुपेकरांचा आवाज चढला. त्यांना स्वतःचाच राग आला होता, पण तो निघाला उमाशंकरांवर. "मयुरेश सांगत होता, त्याला तुम्ही खाली बसवलंत! मी तुम्हाला चोर ठरवलं चाळीस माणसांत!"

उमाशंकरांनी पेपरची घडी घातली.

"वाचताना मी मंडळातल्या पाच-सहा जणांना विचारलं होतं, सुपेकरांचं वाचलंत का म्हणून," ते म्हणाले. "सगळे म्हणाले, उघडतच नाही, नुसते किडे दिसतात. तुम्हाला सांगायला कुणी धजत नव्हतं. मीही नाही. तुम्ही इतक्या उमेदीनं पुढचा भाग टाकत होता. सभेत मयुरेश बोलला असता, तर तुमचे वाचक किती, ते तिथंच निघालं असतं. चारचौघांत. ते बरं दिसलं नसतं."

सुपेकर खुर्चीवर बसले. लाज वाटली, फार वाटली. पण खोटं कशाला सांगा, त्या लाजेच्याही आधी त्यांना हेवाच वाटला. इतकं मोठं मन या माणसाला कसं काय जमतं आणि आपल्याला का नाही, म्हणून हेवा. अक्षराचा वाटला होता, आकड्याचा वाटला होता, त्या दोन्हीहून हा जास्त टोचला. त्यांनी चहा घेतला, वाकून नमस्कार केला. उमाशंकर "अहो, अहो" म्हणत मागे सरकले.

बसस्टँडवर टेलिफोनचं बूथ होतं. मागे तीन माणसं ताटकळत होती. सुपेकरांनी हंबीररावांचा नंबर फिरवला.

"हंबीरराव, पुस्तक दफ्तरदारांचं छापा. मायने."

"अहो, प्रेसवाल्याला बोलून बसलोय मी! तुमचं जास्त वाचतात ना?"

"नाही वाचत. मी चुकीच्या आकड्यातून वजा केलं. माझ्या पानाला एकच वाचक आहे. पुढच्या सभेत मीच उभा राहून सांगतो."

"एकच?" हंबीरराव हसायला लागले. "आवाज कटतोय तुमचा. कोण हा एक?"

"उमाशंकर दफ्तरदार," सुपेकर म्हणाले. पलीकडे ऐकू गेलं नाही. मागची तिन्ही माणसं ऐकत होती. सुपेकरांनी रिसीव्हर तोंडाजवळ धरला आणि नाव पुन्हा एकदा, मोठ्यानं सांगितलं.